बनाबाईची करंगळी

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. बाजारात मापाडी जोंधळे मोजायला लागला की माझं लक्ष जोंधळ्यावर नसतं, त्याच्या अंगठ्यावर असतं. सासूबाई म्हणायच्या, "आमची गिरिजा दुधातबी खडा हुडकंल." कळंबच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकले होते, त्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकत नाही अशी घमेंडही अंगात होती. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्या घमेंडीनं काय केलं ते सांगायला बसले आहे.

आमचं गाव कळंब-येडशी रस्त्यापासून चार मैल आत. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. विहिरीत उतरलं तरी पाय ओले होत नव्हते. गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि सगळं गाव तिथं माती वाहायला गेलं. पाटलाच्या घरातल्या बायकासुद्धा आमच्यासारख्याच हजेरीला उभ्या राहायच्या. माझे यजमान गुरुलिंग तिकडं येडशीजवळ खडी फोडायला होते, बाजाराच्या दिवशी तेवढे घरी यायचे. इथं मी, माझ्या सासूबाई गजराबाई आणि माझी काशी. काशी पाच महिन्यांची होती.

आम्ही दोघींनी डोक्यावर पाटी घेतली तरच चूल पेटत होती, म्हणून काशीला कामावर न्यावंच लागे. बांधाच्या खाली तुराट्यांचं एक लांबट छप्पर होतं, त्यात लेकरं ठेवायची. अकरा लेकरं होती. त्यांच्याजवळ मुकादम शरणप्पानं बनाबाईला बसवलं होतं. बनाबाई छप्पन साली धर्म बदललेल्या बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, एका पायानं अधू. पाटी घेऊन बांध चढणं तिला जड जायचं, म्हणून तिला हे काम. "तिच्या हातात आमचं लेकरू?" असं सासूबाई पहिल्याच दिवशी पुटपुटल्या होत्या. पण पोटानं सोवळं गुंडाळून ठेवायला लावलं होतं, निदान कामाच्या वेळेपुरतं.

पहिले आठ दिवस काशी रडून रडून छप्पर डोक्यावर घ्यायची. मी पाटी टाकून धावायची आणि वरून शरणप्पा ओरडायचा, "ओ गिरिजाबाई, तळं बांधायचंय का पाळणा हालवायचाय?" मग एके दिवशी काशी एकदम गप्प झाली. दुपारी पाजायला गेले तर झोपलेली. उठवली तर डोळे अर्धेच उघडले, दोन घोट घेतले आणि पुन्हा मान टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

"नशिबाची हायीस बाई," विठाबाई म्हणाली. विठाबाई धनगराची. माती वाहायच्या रांगेत ती माझ्या पुढं असायची, मी पाटी तिच्या हातात द्यायची. तिचा आठ महिन्यांचा बिराप्पा काशीशेजारीच निजायचा. नवरा मेंढरं घेऊन घाट उतरून गेला होता, त्याचा चार महिने निरोप नव्हता. "माजा बिरूबी असाच झोपायलाय. झोपतंय तर झोपू दे की. आपल्याला कोण झोपू देतंय?"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. पाच महिन्यांचं पोर उपाशी असताना झोपतं कसं? माझी चोळी पान्ह्यानं ओली व्हायची, आणि जिच्यासाठी पान्हा फुटायचा ती आपली डाराडूर. मी तिच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. तीन-तीन दिवस तिला शी होत नव्हती. नाक सारखं चोळायची. आधी बोट दिलं की मुठीत घट्ट धरायची, आता ती मूठ सैल पडली होती. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या. आणि डोळे! दिवेलागणीला घरात नीट दिसत नाही तेव्हासुद्धा तिच्या डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढीच दिसायची.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी बघितल्यासारखं केलं. "उन्हानं डोळं बारीक झालेत. तुला पोरगी रडली तरी खुपतंय, न्हाय रडली तरी खुपतंय."

माझा संशय पक्का झाला तो बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी कामाला सुट्टी असायची. काशी घरीच होती आणि दिवसभर जी रडली म्हणता! अंग आखडायची, सटासट शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी आणि पातळ जुलाब. सासूबाईंनी मीठमोहरी उतरून टाकली. यजमान म्हणाले, दात येत असतील. दुसऱ्या दिवशी कामावर नेली तर दुपारपर्यंत दातबीत विसरून पोरगी पुन्हा गाढ झोपेत. पुढच्या बाजाराला परत तसंच. मी सातवी पास, मला उत्तर सोपं वाटलं. घरी रडते, छपरात झोपते. म्हणजे जे काही आहे ते छपरात आहे, आणि छपरात बनाबाई आहे.

तिच्या जागी आमच्यातली कुणी बाई असती, तर मी हे उत्तर आणखी एकदा तपासून पाहिलं असतं. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. संशयसुद्धा पाण्यासारखा उताराकडंच धावतो.

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्तानं खाली उतरले आणि तुराट्यांच्या फटीला डोळा लावला. बनाबाई लंगडत एकेका लेकराजवळ जात होती. वाकायची, करंगळी पदराला पुसायची आणि लेकराच्या तोंडात घालायची. थोडा वेळ तशीच धरून ठेवायची. मग पुढच्या लेकराकडं. अकरा झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिचे ओठ हलत होते. काशीच्या तोंडात तिनं करंगळी सगळ्यांत जास्त वेळ ठेवली.

मला एकदम जुनी गोष्ट आठवली. माझ्या माहेरच्या आळीत एक म्हातारा होता, निजामाच्या राज्यात अफूची दुकानं उघड होती तेव्हापासूनचा खाणारा. दिवसभर भिंतीला टेकून पेंगायचा आणि नाक खाजवत राहायचा. आम्ही पोरी त्याला खडे मारायचो तरी त्याला कळायचं नाही. काशी नाक चोळते ते तसंच, हे मला त्या फटीतून बघताना लख्ख दिसलं. बनाबाईच्या करंगळीला अफू होती, दुसरं काय असणार?

दुपारी सरकारी सुकडीचं गोड पीठ वाटायची वेळ झाली. सगळी माणसं छपरापुढं जमली होती. मी तिथंच तोंड सोडलं. "हिनं लेकरांना अफू चारलीय! म्या डोळ्यानं बघितलंय! हिच्या बोटाला हाय!"

बनाबाई उठून उभी राहिली. "म्या काय चारत न्हाय, बाई. म्या बघते."

"काय बघतीस?" हो, मी तिला तूच म्हणत होते. ती माझ्या आईच्या वयाची होती.

"लेकरू चोखतंय का..."

तिला पुरतं बोलू दिलं नाही ते सासूबाईंनी. त्या माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या. "खोटं बोलायलीय रांड! काढा हिला आधी हितनं!" मला वाटलं होतं, आता सगळ्या बायका खवळून उठतील. पण बहुतेकजणी खाली बघत होत्या. विठाबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. एवढा माझा संशयी स्वभाव, पण या गप्प बसण्याचा मला संशय आला नाही.

शरणप्पाला भांडण नको होतं, तळं हवं होतं. त्यानं बनाबाईला सांगितलं, उद्यापासून पाटी उचल नाहीतर घरी बस. तिच्या जागी स्वतःच्या चुलतीला बसवलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण ती घरातली होती. बनाबाई आपली वाकळ उचलून गेली. त्या रात्री मी समाधानानं जेवले.

सकाळी नेहमीप्रमाणे मी टँकरवर पाण्याला गेले. घरी सासूबाईंनी काशीला गुटी उगाळून पाजली, न्हाऊ घातलं. ते रोज त्याच करायच्या, आणि माझ्या लेकीची एवढी निगा राखतात म्हणून त्या बाबतीत मी त्यांना मानायची. कामावर काशीला म्हातारीच्या हवाली केलं आणि मी हलक्या पायानं बांध चढले.

दुपारी पाजायला खाली आले. म्हातारी खूश होती. "देवागत लेकरं हायती, एकबी रडलं न्हाय," म्हणाली. मी काशीला उचललं. एवढ्या उन्हात तिचं अंग गार आणि चिकट लागलं. ओठ निळसर दिसत होते. हाक मारली, गाल हलवला, काही नाही. काय करावं सुचेना, म्हणून मी माझी करंगळी तिच्या तोंडात घातली. का घातली ते मला आजही सांगता येणार नाही. आदल्या दिवसापासून डोक्यात तेच बसलं होतं, म्हणून असेल.

जीभ हलली नाही. तान्ह्या लेकराच्या तोंडात काहीही आलं तरी ते चोखतं, झोपेतसुद्धा चोखतं. काशीचं तोंड नुसतं उघडं राहिलं. तेव्हा मला कळलं की बनाबाई दिवसभर अकरा तोंडांत बोट घालून काय बघत होती.

मी बांधावर धावले. ती अर्ध्या चढावर होती, डोक्यावर पाटी, पाय ओढत चाललेली. "बनाबाई, चला. तुमच्या पाया पडते, चला. काशी चोखंना." तिनं पाटी तिथंच टाकली. आदल्या दिवसाचा एक शब्द तिनं काढला नाही, तिचं हे मोठेपण मी कधी विसरणार नाही.

खाली येऊन तिनं काशीला आडवं घेतलं, तळपायांवर टिचक्या मारल्या, छाती चोळली. "श्वास लई लांबनं यायलाय. हिला झोपू द्यायचं न्हाय आता. सकाळी घरातनं काय दिलं हुतं?"

"काय न्हाय. नुसती गुटी."

"गुटी कुणी उगाळली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागं वळले. सासूबाई छपराच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"तिळाएवढीच देत हुते," त्या म्हणाल्या. "अफूची बाळगोळी. म्होरं तिळानं भागंना, म्हणून मुगाएवढी. बाजारच्या दिशी देत नव्हते, घरीच असती म्हणून. आज ही बाई न्हाय, म्हातारीला रडकं लेकरू आवरायचं न्हाय, म्हणून जरा जास्त..." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "गुरुलिंगालाबी दिलीय म्या! हितल्या समद्यांना त्यांच्या आयांनी दिलीय! मेलं का कुणी?"

"माजी दोन मेली, गजराबाई," बनाबाई म्हणाली. "कापूस येचाय जायची तवा. म्याच दिली हुती."

सुकडीची पोती उतरवून खरेदी-विक्री संघाचा ट्रक परत निघाला होता. मी त्याच्यापुढं आडवी झाले. बनाबाई काशीला घेऊन चढली, मी तिच्यामागं. कळंबपर्यंत ती काशीला चिमटे काढत होती, हलवत होती, आणि श्वास अडला की तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होती. रस्ता सगळा खड्ड्यांचा. मी नुसती बसून बघत होते. त्या तोंडाला तिनं तोंड लावलेलं सासूबाईंनी बघितलं असतं तर, असा विचार तसल्या वेळीही माझ्या मनात येऊन गेला. माणूस किती घाण असू शकतो!

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काशीच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "अफू किती दिवसांपासून देताय?" त्यांना काही सांगावंच लागलं नाही. बाहुली बारीक, शी बंद, अंगाची वाढ बंद, न मिळाली की शिंका आणि रडारड, हे सगळं त्यांनीच मला म्हणून दाखवलं. इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. दिवेलागणीच्या सुमाराला काशी रडली. आधी मांजरीच्या पिल्लासारखी, मग चांगली टाहो फोडून. मी त्या रडण्यापुढं हात जोडले.

"आता चार-पाच दिवस अशीच रडेल," डॉक्टर म्हणाले. "तिचे हाल बघून पुन्हा तीच गोळी द्याल, तर मग माझ्याकडे आणू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं आम्ही परत आलो आणि फाट्यावरून चालत सरळ कामावर गेलो, कारण मला बनाबाईची सगळ्यांसमोर माफी मागायची होती. काम बंद होतं. पाट्या उपड्या पडल्या होत्या. छपरापुढं माणसं जमली होती आणि मध्ये विठाबाई बसली होती, मोकळ्या मांडीवर दोन्ही हात ठेवून.

आम्ही ट्रकमध्ये चढलो तेव्हा सगळी माणसं काशीकडं बघत होती. मागं दहा लेकरं निजलेली होती. म्हातारीला वाटलं, शांत आहेत. सुट्टी झाल्यावर विठाबाईनं बिराप्पाला उचललं तेव्हा तो कधीचाच गेला होता. सकाळी त्याला पुरून आले होते.

ऊन लागलं, असं आधी म्हणत होते. मग दुसरं सुरू झालं. बनाबाईला कामावरून काढलं, तिनं डूख धरला, करणी केली. आणि अफू तिनंच चारली, गिरिजानं डोळ्यानं बघितलंय! माझंच वाक्य तोंडातोंडातून फिरून माझ्यापुढं आलं होतं. पोलीस पाटील कागद घेऊन बसला होता. बनाबाई दिसताच दोघं-तिघं पुढं सरसावले. तिनं काशीला माझ्याकडं दिलं आणि लंगडा पाय सावरत उभी राहिली.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "गप ऱ्हा," कानाशी म्हणाल्या. "आपली वाचली न्हवं? घरातलं चव्हाट्यावर आणू नगंस."

तेवढ्यात विठाबाईनं मान वर केली. "गिरिजा, तुजी कशानं वाचली गं?"

ज्या तोंडानं मी सगळ्यांदेखत ओरडले होते ते तोंड आता उघडेना. खरं सांगितलं तर या बाईला तिचं लेकरू कशानं मेलं ते कळणार होतं. नाही सांगितलं तर ते बनाबाईच्या माथी बसणार होतं. काशी रडत होती, सगळे माझ्याकडं बघत होते.

"काशीला आमच्या घरात अफू देत हुते," मी म्हणाले. "गुटीतनं. बनाबाईंनी काय चारलं न्हाय. त्या बोट घालून बघायच्या, लेकरू चोखतंय का मरायलंय. त्यांना म्या काढाय लावलं. म्हणून बिरूला कुणी बघितलं न्हाय."

सासूबाईंचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. विठाबाई माझ्याकडं बघत राहिली. आता ती माझ्या अंगावर धावून येईल असं मला वाटलं, आणि आली असती तर मी हललेही नसते.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "बिरूला म्याच देत हुते. सकाळधरनं समदे म्हणायलेत, ऊन लागलं, करणी झाली. खरं कुणी बोलंना. म्हणून तुला इचारलं." मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, पोलीस पाटलापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बनाबाईचं नगं. माजं नाव लिवा."